त्या जोडाखाली नानांनी भाकर खाल्ली नाही

फोन दुपारी आला. मे महिन्यातली धुळ्याची दुपार, यार्डात चिटपाखरू नाही, मॅनेजर साहेब घरी जेवायला गेलेले आणि केबिनमध्ये मी एकटा. फोन वाजला की माणसासारखं 'हॅलो' म्हणावं एवढं मला घरी शिकवलेलं आहे. पण माझी जीभ पहिल्यापासून वाह्यात. मी मॅनेजर साहेबांच्या आवाजात, नाकातून, दोन शब्दांच्या मधे एक जांभई घालून म्हणालो, "हांऽ... बोलाऽ..." समोर चोपड्याहून आश्रमशाळेचे हेडमास्तर बोलत होते. ते मला खरोखरच साहेब समजले आणि त्यांनी मला झोडायला सुरुवात केली.

"बोला काय बोला? गेला तुमचा माणूस! सकाळी आठला नाक्यावरच्या दुकानातून फोन केला, जीप पाठवा म्हटलं, म्हातारा तापानं फणफणलाय. तुम्ही म्हणालात, ड्रायव्हर यायचाय. दहाला पुन्हा केला. तुम्ही म्हणालात, ड्रायव्हर जेवायला गेलाय. दहा वाजता कसलं जेवण हो? बैलगाडीत घालून आणला आम्ही त्याला. दवाखान्याच्या दारात जीव सोडला. आता तरी गाडी पाठवता, की ड्रायव्हर अजून जेवतोच आहे?"

मी खिडकीतून बघितलं. जीप सकाळपासून निंबाखाली उभी होती. ड्रायव्हर तिच्यातच पाय वर करून झोपला होता... तिकडून हेडमास्तर ओरडत होते, "हॅलो, हॅलो, साहेब!" आणि मला माझा स्वतःचा आवाज सापडत नव्हता. शेवटी कसंबसं म्हणालो, "सर, मी साहेब नाही. मी यार्डातला रीडिंग लिहिणारा आहे. कोण गेलं?" विचारायची गरज नव्हती. तिकडे आमचा एकच माणूस होता. सुकलाल नाना.

पाच आठवडे झाले. मधल्या काळात नानांवर बरीच भाषणं झाली. त्यातली निम्मी खोटी आणि उरलेली चोरांनी केलेली. म्हणून हे लिहितो आहे. मला लेखबिख लिहिता येत नाही, दहावीत मराठीत पस्तीस होते आणि तेही गुरुजींचा आवाज गुरुजींनाच काढून दाखवला म्हणून मिळाले असं गावात म्हणतात. तरी लिहितो. कारण आमच्या हेड ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नानांच्या नावावर एक ओळ आहे, ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

आमचा कारखाना तयार खोल्यांचा. म्हणजे विटेवर वीट ठेवून बांधायचं नाही, अख्खी खोली साच्यात ओतायची. चार भिंती, छत, जमीन, सगळं एका दमात. खोली वाळली की क्रेननं उचलून ट्रेलरवर घालायची आणि न्यायची. तिथे खोलीशेजारी खोली, खोलीवर खोली, काडेपेट्या रचाव्यात तशी रचली की पंधरा दिवसांत दुमजली इमारत उभी. अमळनेर रोडनं जाणारे लोक एसटीतून माना बाहेर काढून बघायचे. पण काडेपेट्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या तर फुंकर मारली तरी पडतात. खालच्या खोलीच्या चार कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, वरच्या खोलीच्या चार कोपऱ्यांत तशाच. खोली खोलीवर बसली की पट्टीला पट्टी वेल्डिंगनं जोडायची आणि वरून सिमेंटचा मसाला भरायचा. चार कोपरे, चार जोड. अख्खी इमारत म्हणजे ते चार जोड, बाकीचं सगळं नुसतं वजन. हे वाक्य नानांचं. आणि जोड तपासायचं काम नानांचं.

नाना शिकलेले सातवी. पूर्वी अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये फिटर होते, मग इथे आले. इंजिनियर पुण्याहून यायचे, कागद देऊन जायचे, पण जोडाजवळ बसायचे नानाच. यार्डाच्या मधोमध दोन खोल्या एकीवर एक चढवायच्या, जशा साइटवर चढवणार तशाच, त्याच वेल्डरनं जोडलेल्या. वरच्या खोलीच्या छतावर सरकीच्या जुन्या गोण्यांत वाळू भरून रचायची. बाजूनं जॅक लावायचा आणि जोडावर सरकणं मोजणारं काट्याचं घड्याळ. जॅक दाबला की वरची खोली केसभर ढकलली जाते, काटा सरकतो. जॅक सोडला की काटा परत शून्याजवळ यायला पाहिजे. आला तर जोडात जीव आहे. नाही आला तर जोड सरकला, परत जागेवर यायचा नाही. नाना डोळे बारीक करून आकडा सांगायचे, मी लिहायचो. मधे मधे मी पुण्याच्या इंजिनियरच्या आवाजात म्हणायचो, "नानाऽ, ॲक्च्युअली थोडंसं हललं तर चालतंऽ." नाना घड्याळावरची नजर न हलवता आपल्या अहिराणीत म्हणायचे, "तुनी बायको थोडीशी दुसरासंगे गयी ते चाली का?"

पण घड्याळ वगैरे कागदासाठी. नानांची खरी परीक्षा वेगळी होती आणि तिच्यापुढे सगळं यार्ड मान वाकवायचं. जोड घड्याळावर पास झाला की वाळूच्या गोण्या तशाच वर ठेवायच्या, आणि नानांनी खालच्या खोलीत, बरोबर जोडाच्या कोपऱ्यात, फतकल मारून बसायचं आणि डबा उघडायचा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, ठेचा, कांदा, कधी वांग्याचं भरीत. डोक्यावर टनावारी वाळू, आणि नाना सावकाश एकेक घास चावून खायचे, घाई नाही. खाऊन झालं की बाहेर येऊन चूळ भरायचे आणि म्हणायचे, "धाडा." मी एकदा विचारलं होतं, नाना, हे काय खूळ? तर म्हणाले, "आरे भो, जठे पोऱ्या झोपतीन, तठे माले जेवाले भ्याव वाटनं, ते मी पास कसाले म्हनू?" पुढे पुढे यार्डात 'पास' हा शब्दच बंद पडला. जोड पास झाला की नाही असं कोणी विचारायचंच नाही. भाकर खाल्ली का, असं विचारायचं. हेड ऑफिसमध्ये बापू म्हणून क्लार्क होते, तेही फोनवर हेच विचारायचे, "नाना, भाकर खाल्ली?" नाना इकडून म्हणायचे, "खादी." की बापू रजिस्टरमध्ये लिहायचे, 'सुकलाल नाना, फोनवर, भाकर खाल्ली.' आणि ट्रेलर सुटायचे. कागदावर सही मागून येत राहायची. शिकलेले लोक हसतील, पण जोपर्यंत त्या फोनच्या टोकाला नाना होते तोपर्यंत ही पद्धत सहीपेक्षा पक्की होती.

मार्चच्या शेवटी आश्रमशाळेच्या खोल्यांचं काम आलं. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली वर्ग, वर मुलांच्या राहण्याच्या खोल्या. साहेबांना घाई, कारण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख ठरलेली. जोड लावला, गोण्या चढवल्या, जॅक दाबला, सोडला... काटा परत आलाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. नानांनी कोपऱ्यातला मसाला फोडला आणि आत बॅटरी मारली. वेल्डिंग फक्त समोरच्या बाजूनं होतं. मागच्या बाजूला आडवं पडून, हात वाकवून वेल्डिंग करावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि साहेबांनी वेल्डरला सांगितलं होतं की मागचं कोण बघतंय, वरून मसाला भर. पुढून शिवलेला आणि पाठीवर उघडा सदरा असतो ना, तसा जोड. नानांनी वहीत लिहिलं, नापास. डबा न उघडता सायकलच्या हँडलला परत अडकवला.

साहेब म्हणाले, "नाना, घड्याळ खराब झालंय तुमचं." नाना म्हणाले, "घड्याळ खराब व्हई ते मसाला फोडीसन जे दिसनं, ते काय शे?" साहेब गोड हसले. म्हणाले, "तरी एकदा तपासून आणा. उद्या जळगावला जा, दुरुस्तीला द्या, परवा या. नियम म्हणजे नियम." नियमाचं नाव काढलं तसे नाना उठून जोडावरचं घड्याळ काढायला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ते गेले, घड्याळ धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन.

आणि त्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वेल्डर होता, ड्रायव्हर होता, कचोरी मागवली होती. साहेब म्हणाले, "काय रे, तू म्हणे नानांचा आवाज असा काढतो की त्यांच्या घरच्या अक्का पण फसतील?" मी फुशारलो. मी म्हणालो, "साहेब, अक्का तर सोडा, नाना स्वतः फसतील." साहेब म्हणाले, "थापा. बापूला लाव बघू फोन. बापू फसला तर मानलं." सगळे हसायला लागले. मला माहीत होतं का? लोक विचारतात, तुला कळलं नाही का. मी खरं सांगतो. कळलं होतं. नंबर फिरवता फिरवताच कळलं होतं. पण समोर माणसं हसायला तयार बसलेली असली की माझं डोकं बंद पडतं, तोंड तेवढं चालू राहतं. आणि मनाशी म्हटलं, उद्या नाना येतील, पुन्हा जोड करून घेतील, काय बिघडतंय... फोन लागला. मी घसा खाली पाडला, श्वासात थोडी शिट्टी घातली, नानांचा पुढचा दात पडलेला होता ना. "हां बापू, मी सुकलाल बोली ऱ्हायनू."

"बोला नाना. आश्रमशाळेचा जोड? भाकर खाल्ली?"

"खादी, भो. बठ्ठी खादी."

बठ्ठी म्हणजे सगळी. बापूंनी लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. मी दोन कचोऱ्या खाल्ल्या. दुपारी तीनला पहिला ट्रेलर फाटकातून बाहेर गेला आणि तेव्हा कोणीही हसत नव्हतं. साहेब तर आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते.

नाना आले तेव्हा तपासणीच्या दोन खोल्या सोडल्या तर यार्ड रिकामं होतं. घड्याळ हातात, तसंच फडक्यात. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, यात काही बिघाड नाही. त्यांनी हेड ऑफिसला जाऊन रजिस्टर बघितलं, आणि परत येऊन थेट माझ्यासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बोल. जे बोलना व्हता ते मना आवाजमा बोल." मी म्हणालो, नाना, माफ करा. म्हणाले, "माफीनं नंतर देखू. बोल." मी बोललो. माझे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र बरोबर नानांचाच निघत होता, शिट्टीसकट. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगला काढस." मग म्हणाले, "आवाज ली जाय रे भो, आवाजनं काय... पन मनी भाकर तू कसाले खादी?"

माणसानं एक थोबाडीत मारावी, प्रकरण संपतं. नानांनी मला ती सोयसुद्धा ठेवली नाही. साहेबांकडे जाऊन ते फक्त म्हणाले, "फोन मी करा नही." साहेब म्हणाले, "नाना, बापूंनी स्वतः ऐकलंय. वय झालं तुमचं, विसरता तुम्ही." मी दाराशी उभा होतो. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर माझी नोकरी जाणार होती, माझ्या घरी कमावणारा मी एकटा, हे त्यांना माहीत होतं. आणि मी? मी तोंडाचा पट्टा, मी बोलघेवडा, मी सगळ्या जगाचे आवाज काढणारा, मी तिथे ब्र काढला नाही.

एप्रिलभर नाना अर्ज करत राहिले. अर्ज साहेबांमार्फतच वर जायचे, म्हणजे जायचेच नाहीत. उद्घाटन होऊन गेलं, नारळ फुटला, पेढे वाटले. शाळेला सुट्टी लागली. जूनमध्ये मुलं परत येऊन वरच्या खोल्यांत झोपणार होती. मे लागला तशी नानांनी रजा टाकली, छिन्नी-हातोडी पिशवीत घातली आणि निघाले. मी फाटकापाशी म्हणालो, "नाना, मी पण येतो." म्हणाले, "तू आठे ऱ्हाय. फोन उचल."

फोन उचल म्हणाले. लक्षात घ्या, कारण मी उचलला तो साहेबांच्या आवाजात, आणि उशिरा.

पुढचं हेडमास्तरांनी सांगितलं. नाना तिथे एकेक जोड फोडत होते. शिडीवर उभं राहून, कोपऱ्यातला मसाला छिन्नीनं काढायचा, आत बॅटरी मारायची, हेडमास्तरांना बोलावून दाखवायचं. आठपैकी सहा जोड फोडले. सहाच्या सहा पाठीमागून उघडे. हेडमास्तर म्हणत होते, नाना, ऊन उतरल्यावर करा, जीव जाईल या उन्हात. तर म्हणायचे, सावलीत कोपऱ्यातलं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शिडीवरून उतरले ते भिंतीला टेकून बसले आणि बरळायला लागले. रात्रभर ताप. सकाळी दोन फोन. निंबाखाली जीप. ड्रायव्हरचं दहा वाजताचं जेवण.

शोकसभा यार्डातच झाली, तपासणीच्या त्या दोन खोल्यांसमोर मांडव घालून. साहेब बोलले. मी त्यांचा आवाज इथे काढणार नाही, तुम्हीच कल्पना करा. म्हणाले, नाना म्हणजे निष्ठा, नाना म्हणजे कष्ट. म्हणाले, पण उतारवयात माणसाचं मन ठिकाणावर राहत नाही, स्वतःच पास केलेल्या जोडांवर त्यांनी छिन्नी चालवली, चांगले जोड खराब केले, तरीही कंपनीनं मोठ्या मनानं काही कारवाई करायची नाही असं ठरवलं आहे. मोठं मन! मेलेल्या माणसावर कारवाई न करण्याइतकं मोठं! आणि पुढे बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. बापूंनीसुद्धा. बापूंचा काय दोष, त्यांनी कानांनी ऐकलं होतं. सगळ्यांच्या मागे अक्का बसल्या होत्या, नानांच्या बायको. त्या एकदम उभ्या राहिल्या. आमच्याकडे अशा वेळी बाईमाणूस उभं राहून बोलत नाही. त्या बोलल्या.

"भाकर खादी म्हनतस? त्या रोज भरेल डबा परत ऊना मना घर. मी इचारं, जेवनात नही का? ते म्हने, आज बसाले जागाच नव्हती."

साहेब म्हणाले, "अक्कांना पाणी द्या." बस. एवढंच. अक्कांना पाणी द्या. आणि सभा पुढे चालू झाली.

मी तेव्हाही उठलो नाही. हे लिहिताना हाताची बोटं दुखेपर्यंत पेन दाबून लिहितो आहे, पण तेव्हा उठलो नाही. म्हणून आता उठतो. बापू, तुम्ही हा पेपर घेता हे मला माहीत आहे. मार्चच्या त्या दिवशी तुम्हाला 'खादी, भो, बठ्ठी खादी' म्हणणारा माणूस सुकलाल नाना नव्हते. ते त्या वेळी जळगावात एका दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसलेले होते. बोलणारा मी होतो, साहेबांच्या केबिनमधून, साहेबांसमोर, साहेबांच्या सांगण्यावरून. तुमच्या रजिस्टरमधली ती ओळ खोडा आणि शेजारी माझं नाव लिहा. ते जोड नानांनी खराब केले नाहीत, आम्ही ते खराबच पाठवले होते. हेडमास्तरांनी वरच्या-खालच्या सगळ्या नव्या खोल्यांना कुलूप घातलं आहे, मुलं या जूनमध्ये शाळेच्या जुन्या इमारतीच्या पडवीत झोपतील. ते कुलूप म्हणजे नानांची सही समजा.

हे छापून आलं की मला काढतील. काढू देत. माझं तोंड मला कुठेही भाकर मिळवून देईल, फक्त ती माझी असली पाहिजे.

परवा अक्कांनी मला घरी बोलावलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांना सगळं सांगितलं होतं मी, आधीच. त्यांनी नानांचा डबा पुढे केला, तोच पितळी, झाकणाला पोचा आलेला. आत कळण्याची भाकर होती, ठेचा होता. म्हणाल्या, "ली जाय. यार्डमा खा." डबा सायकलच्या हँडलला अडकवून मी कामावर गेलो. तपासणीच्या त्या दोन खोल्या अजून तशाच उभ्या आहेत, एकीवर एक, त्याच नापास जोडावर, वर वाळूच्या गोण्या. कोपऱ्यात नानांची बसायची जागा, फरशी तेवढीच गुळगुळीत झालेली. दुपार झाली. मी डबा घेतला आणि खोल्यांच्या समोर, भर उन्हात, जमिनीवर बसलो. डबा उघडला.

साहेब केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, "अरे, उन्हात का बसलास? आत सावली आहे की."

माझ्या तोंडात घास होता. मी तो नानांसारखा सावकाश चावला, गिळला, आणि मग माझ्या आवाजात म्हणालो, "साहेब, या जोडाखाली तुम्ही बसा."

साहेब बसले नाहीत. केबिनमध्ये गेले आणि पंखा मोठा केला.